पाच घरे, पाच पिशव्या
(सुटीतील कौटुंबिक वाचनाचा एक सोपा उपक्रम)

मे महिन्याची सुटी जवळ आली की आईवडिलांच्या मनात आनंद आणि धास्ती एकाच वेळी घर करतात. मुले दिवसभर डोळ्यांसमोर असणार हा आनंद. आणि मुले दिवसभर डोळ्यांसमोर असणार हीच धास्ती! मग पोहण्याचा वर्ग, चित्रकलेचा वर्ग, गणिताच्या पुढच्या इयत्तेची तयारी अशी एकेक योजना आखली जाते. या योजनांविषयी आमची तक्रार नाही. तथापि इतक्या वर्गांच्या गर्दीत मराठी पुस्तकाला दिवसाकाठी दहा मिनिटे तरी मिळतात का, असा प्रश्न आम्ही या लेखाद्वारे बडोद्यातील, आणि बडोद्यासारख्याच इतर नगरांतील, मराठी पालकांपुढे ठेवू इच्छितो.

आपली स्थिती थोडी निराळी आहे. पुण्या-साताऱ्याच्या मुलाला दुकानाची पाटी, बसचा फलक, वर्तमानपत्राचा मथळा असे मराठी चोहोबाजूंनी दिसत असते. आपल्या मुलाला घराच्या उंबऱ्याबाहेर गुजराती दिसते, शाळेत बहुधा इंग्रजी, आणि पडद्यावर हिंदी. मराठी त्याच्या कानावर पडते. डोळ्यांना मात्र ती क्वचितच भेटते. मराठी माध्यमाच्या शाळांतील पटसंख्या आटत चालली आहे, हे सरकारी शाळेच्या कचेरीत बसून आम्ही दरवर्षी पाहतो. त्यामुळे असे कितीतरी चुणचुणीत विद्यार्थी आम्हांस भेटतात, की जे अस्खलित मराठी बोलतात, परंतु मराठीतील एक पानही सलग वाचू शकत नाहीत. एका परिचित घरी आजीच्या मृत्यूनंतर तिच्या पेटीतून पत्रांचा गठ्ठा निघाला. नातवंडे पदवीधर, पण पत्रे वाचण्यासाठी शेजारच्या काकूंना बोलवावे लागले. आजीचे खाजगी सुखदुःख परक्या तोंडून ऐकताना त्या मुलांच्या चेहऱ्यावर जो ओशाळेपणा दिसला, तो आम्ही विसरू शकलेलो नाही.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. या मुलांना लिपी येत नाही असे नाही. हिंदी विषयामुळे देवनागरी अक्षरे त्यांच्या चांगल्या परिचयाची असतात. तेव्हा अडचण अक्षरांची नसून सवयीची आहे. आणि सवय ही शिकवणी लावून लागत नाही; ती घरच्या चालीरीतीतून लागते. ज्या घरात जेवणानंतर सर्वांनी मिळून पान खाण्याची चाल असते, त्या घरच्या मुलाला विडा बांधावयास कोणी शिकवावे लागत नाही. वाचनाचेही तसेच आहे. घर वाचू लागले की मूल वाचू लागते.

बडोद्याची जुनी पेटी

पुस्तक वाचकाजवळ नेले पाहिजे, ही कल्पना आपल्या नगराला नवी नाही. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात १८६३ मध्ये जन्मलेला एक मुलगा १८७५ मध्ये दत्तक होऊन बडोद्याच्या गादीवर आला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता, आणि त्याचे शिक्षण खऱ्या अर्थाने येथे आल्यानंतरच सुरू झाले. तेच महाराज सयाजीराव गायकवाड. उशिरा हाती आलेल्या अक्षरांची किंमत त्यांना पुरेपूर कळली असावी. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ मध्ये तो सबंध राज्याला लागू केला.

पण मुलाला वाचता आले, आणि पुढे त्याला वाचावयास काही मिळालेच नाही, तर? शाळा सोडल्यावर चार-पाच वर्षांत तो शिकलेले विसरून जाई. हा धोका ओळखून महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथालयतज्ज्ञांस पाचारण केले. १९१३ पर्यंत ते येथे होते. त्या काळात मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी झाली आणि फिरत्या ग्रंथालयांची योजना सुरू झाली. जेथे ग्रंथालय नाही अशा गावी पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी पाठवावयाची. गावकऱ्यांनी पुस्तके वाचावयाची. मग ती पेटी परत येऊन दुसरी जावयाची. वाचकाला यासाठी खर्च नाही. 'श्री सयाजी बालज्ञानमाला' या नावाने मुलांकरिता स्वतंत्र ग्रंथमालाही राज्याने काढली.

त्या पेटीतील मर्म फार साधे आहे. पुस्तक आपल्या दारी येते, थोड्या दिवसांसाठी येते, आणि परत जाणार असते. या तिन्ही गोष्टींमुळे ते वाचले जाते. कपाटात कायमचे बसलेले पुस्तक 'पुढे केव्हातरी वाचू' या वायद्यावर धूळ खात राहते. रविवारी जाणारे पुस्तक मात्र शनिवारी रात्री जागून संपवावे लागते.

हीच युक्ती आज आपण लहान प्रमाणावर योजू शकतो. आपल्या सोसायटीतील, पोळीतील किंवा नात्यागोत्यातील पाच घरे निवडावीत. प्रत्येक घराने एक कापडी पिशवी घेऊन तीत मुलांसाठी सहा मराठी पुस्तके भरावीत. घरात नसतील तर ग्रंथालयातून आणावीत, जुन्या बाजारातून घ्यावीत, महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडून मागवावीत. पिशवीत एक वही ठेवावी. सुटीच्या पहिल्या रविवारी प्रत्येक पिशवी शेजारच्या घरी जाईल आणि दर रविवारी एक घर पुढे सरकेल. चार आठवड्यांत प्रत्येक घरी चोवीस नवी पुस्तके येऊन जातील आणि पाचव्या आठवड्यात आपली पिशवी आपल्या घरी परतेल. खर्च सहा पुस्तकांचा. लाभ तीस पुस्तकांचा! वहीत प्रत्येक मुलाने पुस्तकाविषयी दोन ओळी लिहाव्यात. "मला हे आवडले नाही, कारण..." अशी सुरुवात असली तरी हरकत नाही. पुढच्या घरचा मुलगा त्या दोन ओळी वाचल्याशिवाय राहणार नाही, आणि बहुतेक वेळा 'न आवडलेले' पुस्तकच आधी उघडेल.

आमच्या भागातील शाळांना सुमारे पस्तीस दिवसांची सुटी असते. त्या पाच आठवड्यांसाठी आम्ही पाच प्रकारचे खेळ सुचवितो. क्रम बदलला तरी चालेल, परंतु पहिल्या आठवड्यातील गोष्ट शेवटपर्यंत चालू ठेवावी.

पहिला आठवडा : कानांचा

रात्रीची जेवणे आटोपल्यावर दहा मिनिटे घरातील एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे. रोज दहा मिनिटे म्हणजे पस्तीस दिवसांत ३५० मिनिटे, सुमारे सहा तास. मिनिटाला शंभर शब्द धरले तरी पस्तीस हजार शब्द होतात. मुलांचे एक मध्यम आकाराचे पुस्तक तेवढ्यात सहज पुरे होते.

यात एक पथ्य आहे. दहा मिनिटे होताच, गोष्ट ऐन रंगात आली असली तरी, पुस्तक मिटावे, आणि मुलाच्या हाताला लागेल असे तेथेच ठेवावे. कीर्तनकार पूर्वरंग संपवून आख्यानाला हात घालण्यापूर्वी श्रोत्यांना उगाच नाही थांबवीत! पुढे काय झाले हे जाणून घेण्यासाठी मूल सकाळी आपण होऊन ते पान शोधू लागले, तर आठवड्याचे काम झाले असे समजावे.

वाचणारा रोज बदलावा. आजोबांचा जड आवाज, आईची लगबग, मोठ्या भावाचे अडखळणे, या सर्वांना आपापली गोडी असते. वडीलधाऱ्यांपैकी एखाद्याला मराठी वाचताना अडचण येत असेल, तर त्यांनीही लाजू नये. मोठा माणूस अडखळत का होईना वाचतो आहे, हे दृश्य मुलाला अधिक धीर देते. आजी-आजोबा दूर गावी असतील तर मोबाइलच्या पडद्यावरून त्यांनी वाचावे व नातवंडांनी ऐकावे. त्या यंत्राचा याहून चांगला उपयोग आम्हांस ठाऊक नाही.

दुसरा आठवडा : डोळ्यांचा

या आठवड्यात घरालाच पुस्तक बनवावयाचे. स्वयंपाकघरातील डब्यांवर मुलांनी चिठ्ठ्या लिहून चिकटवाव्यात : हळद, हिंग, मेथ्या, गोडा मसाला, साबुदाणा, नाचणीचे पीठ. दोन दिवसांनी रात्री आईने गुपचूप चार चिठ्ठ्यांची अदलाबदल करावी. सकाळी चोर कोणते ते ओळखावयाचे. साखरेच्या डब्यावर 'मीठ' ही चिठ्ठी पाहून जो हास्यकल्लोळ होतो, तो वाचनाचाच आनंद आहे.

भिंतीवरची दिनदर्शिका हे दुसरे साधन. 'कालनिर्णय' १९७३ मध्ये निघाले, आणि महाराष्ट्राबाहेरच्या कितीतरी मराठी घरांतही ते खिळ्यावर टांगलेले असते. मोठ्यांनी रोज तीन प्रश्न काढावेत. या महिन्यात संकष्टी कोणत्या वारी आहे? अमावास्येपूर्वी एकादशी किती दिवस आली? मागील पानावरच्या पाककृतीत गूळ आहे की साखर? उत्तर पाठ असून चालणार नाही. बोट ठेवून दाखविले पाहिजे.

तिसरा खेळ मथळ्यांचा. जुन्या मराठी मासिकांतील मथळे कापून शब्द सुटे करावेत आणि ते एका ताटात टाकावेत. प्रत्येकाने डोळे मिटून सात शब्द उचलावेत आणि त्यांतून जमेल तसे वाक्य बनवावे. अर्थ लागला तर उत्तम. न लागला तर अधिक उत्तम, कारण तो का लागत नाही हे समजावून देताना मूल नकळत व्याकरण बोलू लागते.

तिसरा आठवडा : जिभेचा

हिंदीच्या सवयीने मराठी वाचणारी मुले काही ठिकाणी हमखास अडखळतात. त्यांना टोकण्याऐवजी तेथेच खेळ मांडावा. पहिला खेळ 'ळ' आणि 'ल' यांचा. वेळ-वेल, गाळ-गाल, चाळ-चाल, पाळ-पाल, माळ-माल अशा जोड्या पत्त्यांवर लिहाव्यात. एकाने शब्द उच्चारावा, दुसऱ्याने बरोबर पत्ता उचलावा. सुदैवाने गुजरातीतही 'ळ' आहे, त्यामुळे आपली मुले या खेळात लवकर तरबेज होतात.

दुसरा खेळ एकाच शब्दाच्या दोन उच्चारांचा. आकडा 'चार' आणि गुरांना 'चार' असे सांगतानाचा 'चार'. थोडे या अर्थाची 'जरा' आणि म्हातारपण या अर्थाची 'जरा'. लिहिण्यात भेद नाही, बोलण्यात आहे. वाक्य वाचून अर्थ कळल्याशिवाय उच्चार ठरवता येत नाही. अर्थाकडे लक्ष देऊन वाचणे म्हणजे काय, हे मुलाला याहून सोप्या रीतीने सांगता येणार नाही.

तिसरा खेळ आपल्याच भाग्यात असलेला, दुभाषी खेळ. एकच शब्द गुजरातीत आणि मराठीत निराळ्या अर्थाने कसा नांदतो ते मुलांनी हुडकावे. गुजरातीत 'दादा' म्हणजे आजोबा, आपल्याकडे मोठा भाऊ. गुजरातीत 'वात' म्हणजे गोष्ट, आपल्याकडे ती समईत जळते. गुजरातीत 'बारी' म्हणजे खिडकी. आपल्या शेजाऱ्याला "बारी उघड" म्हटले तर तो वारा आत घेईल, आणि पुण्याची मावशी नुसती पाहत राहील! अशा शब्दांची एक यादी स्वयंपाकघराच्या दारावर लावावी आणि रोज एकाची भर घालावी.

म्हणींचेही असेच. 'थेंबे थेंबे तळे साचे' आणि 'टीपे टीपे सरोवर भराय'; 'नाचता येईना अंगण वाकडे' आणि 'नाच न जाणे आंगणुं वांकुं'. एका पत्त्यावर मराठी, दुसऱ्यावर गुजराती म्हण लिहून जोड्या लावावयास द्याव्यात. शेजारची गुजराती मुले या खेळात अवश्य बोलवावीत. गुजरातीवर रुसून मराठी वाढणार नाही. 'माय मरो पण मावशी उरो' असे आपल्याकडे म्हणतात खरे. परंतु मावशीने इतक्या पिढ्या जीव लावला म्हणून आईचे नाव विसरावे, असे त्या म्हणीत कोठेही सांगितलेले नाही.

चौथा आठवडा : हातांचा

वाचलेले हातातून उतरले म्हणजे पक्के होते. या आठवड्यात मुलांनी एक पाककृती वाचून, कोणालाही न विचारता, पदार्थ करावा. लहानांनी कोशिंबीर किंवा लिंबाचे सरबत; मोठ्यांनी पोहे किंवा शिरा. चूल मोठ्यांच्या देखरेखीखाली, पण सूचना मात्र तोंडी नाही, केवळ लेखी. 'चिमूटभर' आणि 'वाटीभर' यांतला फरक ज्याने घाईत वाचला नाही, त्याचा शिरा त्याला आपोआप समज देईल.

दुसरे काम पोस्टकार्डाचे. आजीला, आत्याला किंवा गावी गेलेल्या मित्राला मराठीत एक कार्ड लिहावे. वर 'तीर्थरूप' कोणास, 'चिरंजीव' कोणास, 'सप्रेम नमस्कार' कोणास, खाली 'कळावे' का लिहितात, हे विचारता विचारता मुलाला घरातील नात्यांची उतरंड कळते. उत्तर आलेच पाहिजे अशी पलीकडच्यांना आधी गुप्त सूचना देऊन ठेवावी. स्वतःच्या नावाने आलेले पत्र वाचल्याशिवाय राहिलेले मूल आम्ही अद्याप पाहिलेले नाही.

तिसरे काम म्हणजे पाचही घरांचे मिळून हस्तलिखित. आठ-दहा कोरी पाने शिवून घ्यावीत. कोणी कोडे घालावे, कोणी आजोबांची आठवण लिहून काढावी, कोणी चित्र काढावे, कोणी पिशवीतील पुस्तकाचे परीक्षण करावे. संपादक मात्र मूलच असावे. आणि संपादकाने वडिलांचा लेख 'साभार परत' केला, तर वडिलांनी तो मुकाट्याने पुन्हा लिहावा!

पाचवा आठवडा : पायांचा

शेवटच्या आठवड्यात बाहेर पडावे. बडोदेकरांनी मुलांना मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात न्यावे. तेथील पुस्तकांच्या लोखंडी मांडणीत मजल्यांच्या फरशा जाड काचेच्या आहेत. वरचा उजेड खालपर्यंत झिरपावा, ही त्यामागील योजना. ग्रंथपालांच्या अनुमतीने ती मुलांना दाखवावी आणि मराठी विभागात प्रत्येकाला आपल्या मनाने एक पुस्तक निवडू द्यावे. निवड आपल्याला पोरकट वाटली तरी बोलू नये. दुसऱ्या नगरांतील वाचकांनी आपल्या गावचे जुने मराठी ग्रंथालय गाठावे. बहुतेक गावी ते आहे, आणि वाचकाची वाट पाहत आहे.

घरी परतल्यावर माळा किंवा जुन्या पेट्या उघडाव्यात. पत्रे, लग्नपत्रिका, हिशेबाच्या वह्या, आजीचे पाककृतींचे टिपण यांपैकी एक कागद मुलाने निवडून स्वच्छ अक्षरात उतरवून काढावा. काही घरी मोडी लिपीतील कागदही निघतील. ते वाचता आले नाहीत तरी फेकू नयेत. जपून ठेवावेत आणि मोडी जाणणाऱ्यास दाखवावेत. आपल्या पणजोबांचे हस्ताक्षर आपल्याला वाचता येत नाही, हे एकदा कळले म्हणजे देवनागरीतील आजीचे अक्षर तरी वाचता आले पाहिजे, ही जिद्द मुलाच्या मनात उत्पन्न होते. असे होताना आम्ही पाहिले आहे.

चिंचोक्यांची बरणी

आता 'आव्हाना'विषयी. मुलांना पैज आवडते, आणि ती असावीही. परंतु "दहा पुस्तके वाच, सायकल देतो" हा सौदा आमच्या मते घातक आहे. सायकल मिळाली की पुस्तक संपले. शिवाय भावंडांत चढाओढ लागली की धाकटा हरतो, आणि हरलेला धाकटा पुस्तकाचा राग करू लागतो.

या बाबतीत आपल्या प्रदेशाचा वारसा मोठा आहे. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर चालविले. मुंबईत जन्मलेल्या ताराबाई मोडक तेथे येऊन त्यांच्या सहकारी झाल्या. दोघांच्या प्रयत्नांतून १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. ताराबाईंनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे, अनुताई वाघ यांच्या साथीने, हेच कार्य आदिवासी मुलांपर्यंत नेले. शिक्षणात शिक्षेचे भय नको आणि बक्षिसाची लालूचही नको, हा या मंडळींचा आग्रह होता. एक गुजराती शिक्षक आणि एक मराठी शिक्षिका यांनी मिळून घालून दिलेला हा पाठ आपण तरी विसरता कामा नये.

म्हणून पैज घराने घराशी लावावी. एक काचेची बरणी घ्यावी. जो कोणी त्या दिवशी दहा मिनिटे मराठी वाचील किंवा वाचून दाखवील, त्याने बरणीत एक चिंचोका टाकावा. यात आईवडीलही आले. चौघांच्या घरात पस्तीस दिवसांत जास्तीत जास्त १४० चिंचोके होतील. आपले लक्ष्य शंभराचे ठेवावे. बाकीचे चाळीस लग्नकार्य, प्रवास, ताप आणि आंब्याच्या रसाची सुस्ती यांना सोडून द्यावेत! शंभर झाले की घराने मिळून एखादा छोटा समारंभ करावा : गच्चीवर बसून आइस्क्रीम खावे, आणि पुढील पुस्तक कोणते हे ठरविण्याचा मान सर्वांत धाकट्याला द्यावा. वाचनाचे बक्षीस पुढचे पुस्तक, एवढी खूणगाठ त्याच्या मनात बसली म्हणजे पुरे.

पिशवीत काय घालावे?

अगदी लहानांसाठी मोठ्या अक्षरांची, चित्रांची पुस्तके घ्यावीत. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' आणि 'यश' या मालिकांतील पुस्तके, तसेच नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त व सुंदर बालपुस्तके उपयोगी पडतील. आठ ते अकरा वर्षांच्या मुलांना ना. धों. ताम्हनकरांचा 'गोट्या' आणि दिलीप प्रभावळकरांचा 'बोक्या सातबंडे' हे दोन मित्र जोडून द्यावेत. त्याहून मोठ्यांसाठी भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे', साने गुरुजींची १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेली 'श्यामची आई' आणि जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांचा 'यक्षांची देणगी' हा संग्रह ठेवावा. महाराष्ट्राच्या पाठ्यपुस्तक मंडळाने १९७१ मध्ये सुरू केलेल्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक आता मोबाइलवरही विनामूल्य वाचता येतात. एखादी कथा त्यातून कागदावर छापून पिशवीत घालावी.

शब्द अडला की लगेच कोश उघडावयास लावू नये. पानावर एक-दोन शब्द अडले तर वाचन चालू राहते. पाच-सहा अडू लागले तर ते पुस्तक पुढच्या वर्षासाठी आहे असे समजून बाजूला ठेवावे. मुलाने पुस्तक अर्धवट सोडले तरी रागावू नये. आपणही किती पुस्तके अर्धवट सोडतो!

काही पालक विचारतात, "आधीच तीन भाषा, त्यात मराठी वाचनाचे ओझे कशाला?" ओझे होते ते परीक्षेचे. येथे परीक्षा नाही, गुण नाहीत, गृहपाठ नाही. आणि ज्या मुलाला घरी ऐकलेली भाषा सहज वाचता येते, त्याला इतर भाषांची पुस्तके उघडण्याचे भय उरत नाही, असा आमचा वर्गातील अनुभव आहे. "आम्हांला वेळ कोठे आहे?" हा दुसरा प्रश्न. त्याला उत्तर एवढेच, की दहा मिनिटे भाजी निवडण्यासही लागतात; भाजी निवडता निवडता दुसऱ्याने वाचावे.

गुजरात राज्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, २०१० मध्ये, 'वांचे गुजरात' हे मोठे वाचन-अभियान झाले. महाराष्ट्रात २०१५ पासून १५ ऑक्टोबर हा डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिन 'वाचन प्रेरणा दिन' म्हणून पाळला जातो. २०१८ मध्ये आपल्या बडोद्यात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा मांडव पडला, आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीस अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्र सरकारने घेतला. या सर्वांचा आम्हांस मनापासून अभिमान आहे. तथापि जी मराठी घरात केवळ बोलली जाते आणि वाचली जात नाही, ती त्या घरी आणखी एखादी पिढी टिकेल. त्यापुढची खात्री कोणताही दर्जा देऊ शकणार नाही.

तेव्हा वाचकहो, सुटीची वाटही पाहू नका. येत्या रविवारी चार घरांना चहाला बोलवा, प्रत्येकाच्या हाती एक रिकामी पिशवी द्या आणि आपली पिशवी भरून समोर ठेवा. कोणती पुस्तके मुलांनी दोनदा मागितली, कोणती कोणी उघडलीही नाहीत, बरणीत किती चिंचोके जमले, हे सुटीअखेर संपादकांकडे अवश्य लिहून कळवावे. आणि ते पत्र शक्यतो घरातील मुलाच्याच हस्ताक्षरात असावे, ही विनंती.